तिथीची पाऊणपट

जहाजावर मी चोवीस वर्षं काढली, पण समुद्र फारसा पाहिला नाही. इंजिनरूममधला तेलवाला होतो मी. पाण्याच्या पातळीखाली, तापलेल्या लोखंडात, एका हातात तेलाचा कॅन आणि दुसऱ्या हातात बोळा. वर डेकवर यायचं ते विडी ओढायला. रॉटरडॅमपासून ओसाकापर्यंतच्या बंदरांची नावं मी धडाधड घेऊ शकतो, पण त्यातल्या निम्म्या गावांचं मला आठवतं ते फक्त धक्क्यावरचं पोस्ट. घरी परतल्यावर मात्र मी बंदरवाडीत समुद्राच्या गोष्टी सांगू लागलो आणि लोक ऐकू लागले. ऐकणारे मिळाले की माणूस सांगतच सुटतो.

हे आधी सांगतो, कारण फ्लोरियननं मला पहिल्याच दिवशी 'कॅप्टन' म्हटलं आणि मी त्याला थांबवलं नाही. तो आता नाही. त्याच्याबरोबर आलेली रूथ अजून समजते की तो तिच्यामुळे गेला, ती अर्धा तास उशिरा निघाली म्हणून. ते खरं नाही. खरं काय ते तिला सांगू शकेल असा माणूस या जगात एकच आहे, आणि तो पडवीत बसून हे लिहितोय.

सत्त्याऐंशी साल लागलं त्या दिवशी तो आला. आमची वाडी रत्नागिरीच्या दक्षिणेला, एस.टी.नं दीड तासावर, खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं. पंचवीस घरं, एक देऊळ आणि खाडी ओलांडायला धोंडूची होडी, तिला आम्ही तर म्हणतो. दुपारच्या गाडीतून हा लांबलचक पोरगा उतरला. पाठीवर त्याच्या उंचीची पिशवी. वाडीतल्या बायकांना वाटलं, मुंबईचा कोणी चाकरमानी गादी घेऊन आला. गोव्यात त्याला कुणी तरी सांगितलं होतं की वर कोकणात अजून कोणी जात नाही, तिथं सगळं निवांत असतं. इंग्रजी येणारा माणूस कोण, असं विचारत विचारत तो आमच्या खळ्यात येऊन उभा राहिला. मी त्याला मागची खोली दिली.

या पाठपिशवीवाल्यांचं मला नवल वाटतं. त्यांच्या देशात सगळं असतं आणि ते आमच्याकडे काही नसावं म्हणून येतात. आम्ही दिवसभर राबतो ते त्यांना दिसत नाही, दुपारी माडाखाली पाठ टेकतो तेवढं दिसतं. मग म्हणतात, इथल्या लोकांना जगायचं कसं ते कळलंय. मी फ्लोरियनला हे तोंडावर बोललो. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी मथुरेबरोबर विहिरीचं पाणी शेंदायला गेला. मथुरा म्हणजे माझी बायको. आम्हाला मूलबाळ नाही. तिला त्याचं नाव घेता येईना, ती त्याला फुलू म्हणू लागली. चार दिवसांत तो चुलीपाशी बसून तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण खाऊ लागला. ती त्याला वाढताना जे तोंड करायची तसं तिनं माझ्यासाठी कधी केल्याचं आठवत नाही.

त्याचं गाव ऑस्ट्रियात, डोंगरात. बापाची लाकडाची वखार. लहानपणी त्यानं इटलीचा समुद्र पाहिला होता, पण त्याला म्हणे भरती-ओहोटी नावालाच असते. त्यामुळे आमची खाडी सकाळी चिखल आणि दुपारी काठोकाठ, हे बघून तो वेडावला. रोज एक काठी रोवायचा आणि घड्याळ घेऊन बसायचा.

"कॅप्टन, पाणी कधी चढणार हे तुम्हाला आधीच कळतं?" त्यानं विचारलं.

कळतं ते धोंडूला, मासे मारणाऱ्या खारव्यांना, आणि मथुरेलाही. मला तेलाच्या कॅनमधलं कळतं. पण लहानपणी शाळेत पाऊणकीचा पाढा घोकला होता आणि बापानं हिशोब शिकवला होता, तो आठवत होता. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती पुरी होते. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी पुरी. पौर्णिमेला पंधरा झाले की पुन्हा एकापासून मोजायचं, अमावास्येपर्यंत. त्या दिवशी पंचमी होती. मी हाताची पाच बोटं पसरून दाखवली आणि म्हटलं, "पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती."

त्यानं खिशातून आपली छोटी वही काढली, त्या दिवसाचं पान बघितलं, मान डोलावली आणि लिहून घेतलं. वही बघताना मी त्याला बघत होतो. तो काय बघतोय, असं माझ्या मनातही आलं नाही. दुपारी आम्ही दोघं धक्क्यावर बसलो. चारला दहा कमी असताना पाणी थांबलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जन्मात माझ्याकडे तसं कोणी बघितलं नव्हतं. मी फुगलो. खोटं कशाला बोलू.

आणि फुगलेला माणूस तिथंच थांबत नाही. खाडीच्या तोंडाशी पुरी ओहोटी झाली की पन्नास पावलांची पाण्याची एक घळ तेवढी उरते, बाकी सगळी वाळू. सुकतीचं, म्हणजे ओसरतं पाणी त्या घळीतून असं बाहेर धावतं की माणसाला उभं राहू देत नाही, ओढून समुद्रात नेतं. पण सुकती संपली की भरती लागायच्या आधी पाणी थोडा वेळ उभं राहतं. पूर्वी माणसं तेवढ्यात छातीएवढ्या पाण्यातून पलीकडच्या वाळूच्या पुळणीवर जायची. धोंडूची तर आल्यापासून कोणी जात नाही. मीही तीस वर्षांत गेलो नव्हतो. फ्लोरियनला म्हटलं, आपण जाऊ. आदल्या संध्याकाळी धोंडूला गुपचूप विचारून खात्री करून घेतली.

"उद्या अष्टमी. आठ पावने सा. बाराला पानी उबा ऱ्हावंल," धोंडू म्हणाला. "पन लवूदा, तुमाला ह्या वयात ह्यो उद्योग क्याला?"

अष्टमीला बरोबर बारा वाजता मी त्या पोराला घेऊन घळीत उतरलो. पाणी तळ्यासारखं. आम्ही डोक्यावर कपडे धरून पलीकडे गेलो आणि घटकाभरात परत आलो. काठावर मथुरा उभी होती, तिनं मला चार शिव्या घातल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या रात्री जेवताना तो सारखा म्हणत होता की आयुष्यात इतकं सुंदर काही त्यानं केलं नाही. चार दिवसांनी तो दक्षिणेकडे निघून गेला. मथुरा आठवडाभर त्याच्याही वाटणीची भाकरी थापत होती.

मे महिन्यात, वीस तारखेच्या सुमाराला, तो परत आला. या वेळी रूथ बरोबर होती. इंग्लंडमधली, नर्सिंग शिकलेली, बारीक, उन्हानं नाक सोललेली. दोघांची ओळख गोकर्णाच्या एका झोपडीत झाली होती, तीन आठवड्यांपूर्वी. हे लोक असेच भेटतात. एकाच गाडीत बसतात, एकाच ताटात खातात, एकमेकांची औषधं घेतात आणि आडनाव विचारत नाहीत. आणखी चौघं त्यांच्याबरोबर गोकर्णापासून होती. ती पलीकडच्या पुळणीवर सुरूच्या बनात तंबू ठोकून राहिली. हे दोघं मात्र आमच्याकडेच आले, कारण फ्लोरियननं तिला वाटेत मथुरेच्या भाकरीचं आणि कॅप्टनचं एवढं सांगून ठेवलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी त्यानं मला विचारलं. हे मी रोज आठवतो.

"कॅप्टन, तुमचा हिशोब मी सगळीकडे करून बघितला. केरळात, गोकर्णाला. जुळतच नाही. मार्चमध्ये तासाभराचा फरक, एप्रिलमध्ये त्याहून जास्त."

इथं मी त्याला म्हणायला हवं होतं, दाखव बघू तू कसा करतोस. एवढंच. त्यानं वही उघडली असती आणि सगळं तिथंच संपलं असतं. पण रूथ माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्यासमोर कॅप्टन होतो. मी म्हटलं, "तो आमच्या खाडीचा हिशोब आहे. दुसरीकडे कसा जुळेल? प्रत्येक बंदराचं पाणी वेगळं. इथं कर, इथं जुळेल."

"मला तसंच वाटलं होतं," तो म्हणाला आणि रूथकडे वळून म्हणाला, "बघ, मी सांगितलं नव्हतं?"

तेवीस तारखेला, शनिवारी, मी सकाळच्या गाडीनं रत्नागिरीला गेलो. पावसाआधी छपराला कौलं कमी पडत होती आणि ताडपत्री आणायची होती. मथुरेचा उपास होता, ती घरीच होती. बाराच्या पुढं तिनं त्या दोघांना पुळणीकडे जाताना पाहिलं. रोजच जायचे. पुढं मी तिला विचारलं, तू हाक का नाही मारलीस? ती म्हणाली, "पानी अजून भायेर चाललाय ता समद्यांना दिसतंय. तेंना दिसत नसंल, ह्या कोनाच्या मनात येतंय?" तिचं बरोबर होतं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाण्याकडे बघून कळतं. पण त्या पोरानं पाणी बघितलंच नाही. त्यानं घड्याळ बघितलं.

चारच्या गाडीनं मी उतरलो तेव्हा पुळणीवर माणसं जमली होती. ताडपत्री माझ्या खांद्यावरच होती. रूथ वाळूत बसलेली, मथुरेचं लुगडं अंगाभोवती गुंडाळलेलं, दात वाजत होते. मे महिन्यात. जे घडलं ते तिनं मला तिथंच तुटक तुटक सांगितलं. पलीकडच्या चौघांना चालत येऊन चकित करायचं असं फ्लोरियनच्या मनात होतं. बाराला घळीपाशी पोचायचं म्हणून तो सकाळपासून मागं लागला होता. ती विहिरीवर कपडे धूत बसली. तो दोनदा हाक मारायला आला, पाणी थांबणार नाही म्हणाला. ती म्हणाली, एवढे दोन पिळून वाळत घालते. घळीपाशी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. तो पुढं, दोघांची पिशवी डोक्यावर. ती कमरेएवढ्या पाण्यात असताना तिच्या पायाखालची वाळू सरकली, तशी ती मागं वळून कशीबशी बाहेर आली. तिनं बघितलं तेव्हा तो पोहत होता, पण काठाकडे नव्हे, बाहेर चालला होता. त्यानं एकदा हात वर केला. ती म्हणाली, त्या हातात अजून पिशवी होती.

धोंडू आणि खारव्यांनी दोन होड्या घातल्या. तो दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दोन खाड्या सोडून दक्षिणेला तो लागला. त्याचं वर्णन मी करणार नाही. मथुरेला मी बघू दिलं नाही.

पलीकडची चौघं दुसऱ्याच दिवशी तरीतून इकडे आली, रूथला मिठ्या मारल्या, रडली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तंबू गुंडाळून निघून गेली. कुणाचा व्हिसा संपत होता, कुणाचं विमान होतं. त्यांच्यातल्या एकालाही फ्लोरियनचं आडनाव माहीत नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही, पण आता मला तसा हक्क राहिलेला नाही. राहिली ती एकटी रूथ. हवालदाराबरोबर रत्नागिरीला जाऊन तिनंच फोन लावले, वकिलातीत विचारलं, शेवटी त्याच्या बापाशी बोलली. ज्या बाईनं त्याला जन्म दिला तिचं नावसुद्धा तिला तेव्हाच कळलं. बापानं सांगितलं, तिथंच दहन करा. उन्हाळ्यात दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. हवालदारानं पोहताना अपघात असा पंचनामा केला आणि सही घेऊन गेला. अग्नी कोणी द्यायचा हा प्रश्न आला तेव्हा मथुरा म्हणाली, "तुमी द्या. तो आपल्याकडंच आला व्हता." मी दिला.

तोवर मला काही माहीत नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. मी तिथी बघितलीच नव्हती. मी शहरात कौलं बघत होतो. माझ्या डोक्यात एवढंच बसलं होतं की बाराची वेळ होती आणि पोरगी साडेबाराला गेली. वाडीत ज्यानं विचारलं त्याला मी हेच सांगितलं, देवळाच्या पायरीवर बसून, चढ्या आवाजात. समुद्र काय हिचे कपडे वाळायची वाट बघणार होता? असं मी बोललो. ती विहिरीवर पाणी घेत असताना, तिला मराठी कळत नाही म्हणून, तिच्या पाठीमागं बोललो.

सातव्या दिवशी दुपारी ती पडवीत माझ्यासमोर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती जाणार होती. मथुरा खळ्याच्या कडेला कोकमं फोडून सालं वाळत घालत होती. रूथच्या हातात फ्लोरियनची वही होती, पिशवीत नसल्यामुळे वाचलेली.

"त्याच्या आईला मला पत्र लिहायचंय," ती म्हणाली. "तिनं विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे. मला नक्की समजून घ्यायचंय, कॅप्टन. पाणी केव्हा थांबलं होतं? आम्ही किती उशीर केला?"

तिनं वही उघडून माझ्यापुढं ठेवली. प्रत्येक पानावर कोपऱ्यात त्यानं बारीक अक्षरात आकडे केले होते. जानेवारी पाच, पावणेचार. जानेवारी आठ, सहा, खाली बारा, आणि पुढं दोन माणसांचं चित्र, डोक्यावर गाठोडी. मग फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, रोजचं गणित, पुढं प्रश्नचिन्हं. शेवटी मे तेवीस. तेविसातून पंधरा वजा, आठ. आठाची पाऊणपट सहा. खाली बारा. पुढं त्यानं लिहिलं होतं, कॅप्टनबरोबर गेलो होतो तोच आकडा.

मी ते पान पुन्हा एकदा वाचलं. तो तारखेची पाऊणपट करत होता. आमचा चंद्राचा दिवस आणि त्याच्या वहीतला इंग्रजी दिवस हे वेगळे असतात, हे त्या पोराला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी अमावास्या डिसेंबरच्या एकतीस तारखेला आली होती. त्यामुळे जानेवारीत एक तारखेला प्रतिपदा, पाचला पंचमी, आठला अष्टमी, सगळं बोटाला बोट लावून जुळलं. मी तिथी म्हणत होतो, तो तारीख लिहीत होता आणि पाणी दोघांनाही खरं ठरवत होतं. पुढं चंद्र आपल्या वाटेनं गेला आणि तारखा आपल्या वाटेनं. म्हणून केरळात जुळलं नाही. म्हणून गोकर्णाला जुळलं नाही. आणि मी त्याला म्हटलं होतं, इथं कर, इथं जुळेल.

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे माझी नजर गेली. तेवीस मे, वद्य एकादशी. अकरा पाऊणे सव्वाआठ. सव्वाआठला भरती, म्हणजे ओहोटी पुरी व्हायला सव्वादोन. बाराला सुकती ऐन जोरात होती. साडेबाराला थोडी कमी. रूथनं उशीर केला म्हणून तो गेला नाही. तिनं आणखी पावणेदोन तास कपडे धुतले असते तर पाणी तळ्यासारखं उभं असतं आणि तो आज जिवंत असता. त्या सगळ्या दिवसात एकच गोष्ट योग्य दिशेनं चालली होती, ती म्हणजे तिचा उशीर.

हे सगळं मला तेवढ्या वेळात कळलं जेवढ्या वेळात माणूस चष्मा पुसतो. मी चष्मा पुसत होतो.

"कॅप्टन?" ती म्हणाली. तिचे डोळे सात दिवस झोप नसलेल्या माणसाचे होते. एका वाक्यात मी ते ओझं उतरवू शकलो असतो. पोलिसांचं भय नव्हतं, ते काम केव्हाच संपलं होतं. इंग्रजीही पुरेसं येत होतं, चोवीस वर्षांत तेवढं शिकलोच होतो. पण मग तिला हेही सांगावं लागलं असतं की मी कॅप्टन नव्हतो, तेलवाला होतो. घळीची वेळ मी धोंडूला विचारून आलो होतो. देवळाच्या पायरीवर मी काय काय बोललो तेही कबूल करावं लागलं असतं, आणि खरं काय ते वाडीला कळलं असतं. ज्या पोराला मी अग्नी दिला त्याला मीच पाण्यात घातलं होतं, हे मथुरेला कळलं असतं.

मी पेन्सिल घेतली. कागद ओढला. तिच्यासमोर, माझ्या हातानं, मी तेवीस लिहिलं, पंधरा वजा केले, आठ लिहिले. लहानपणची सवय, पाऊणकी तोंडातून मोठ्यानंच निघते.

"आठ पाऊणे सहा," मी म्हटलं, आणि खाली लिहिलं, बारा.

"म्हणजे त्याचं बरोबर होतं," रूथ म्हणाली.

"त्याचं बरोबर होतं."

"आणि आम्ही साडेबाराला गेलो."

"साडेबाराला," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. रडली नाही. तिला तेच ऐकायचं होतं असं नाही, पण तिला तेच अपेक्षित होतं. इतक्यात मथुरेनं कोकमावरचे हात थांबवले.

"आठ कशी?" ती तिकडूनच म्हणाली. "त्या दिशी एकादस व्हती. माजा उपास नव्हता? अष्टमी तर कवाच झाली व्हती."

रूथनं माझ्याकडे बघितलं. "ती काय म्हणते?"

"ती म्हणते," मी म्हटलं, "देवाच्या मनात होतं ते झालं."

रूथ उठली, खळ्यात गेली आणि मथुरेच्या पुढ्यात बसून तिचे दोन्ही हात तिनं धरले. मथुरेचे हात कोकमानं लाल झालेले, ते रूथच्या सदऱ्याला लागले. रूथ तिला इंग्रजीत सारखं थँक यू म्हणत होती. मथुरा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली.

"काय सांगितलाव तिला?" तिनं विचारलं.

"तू म्हणालीस तेच," मी म्हटलं.

मथुरा शाळेत गेलेली नाही, पण तिला अडाणी समजायची चूक मी त्यानंतर केली नाही. सकाळी गाडीवर सोडायला आम्ही दोघं गेलो. रूथनं तो कागद घडी करून वहीत ठेवलेला मी बघितला. गाडी सुरू झाली तशी मथुरा खिडकीखाली धावली. तिनं दोन्ही हात वर केले, दहा बोटं पसरली, मिटली, मग एक बोट वर धरलं. पुन्हा दहा, पुन्हा एक. रूथला वाटलं, आमच्याकडे निरोप असाच देतात. तिनंही खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि बोटं पसरून हलवले. वळण येईपर्यंत हलवत होती. मथुरा धुळीत उभी राहिली, बोट तसंच वर धरून.

गेल्या वर्षी रूथचं पत्र आलं. आता ती एका इस्पितळात नोकरीला आहे. फ्लोरियनच्या आईला तिनं सगळं खरं खरं लिहिलं, विहिरीवरच्या कपड्यांसकट. त्या बाईनं उत्तर पाठवलं नाही. रूथनं लिहिलंय की ती आता कुठंही अर्धा तास आधी जाते आणि बाहेर बसून राहते. लोक हसतात. पत्राच्या शेवटी मथुरेला प्रेम कळवलंय आणि पत्ता दिलाय. पत्त्याचा कागद मी कॅलेंडरमागं खोचून ठेवलाय.

मथुरा अजून एकादशी करते. दर पंधरा दिवसांनी, उपासाचं रताळं चुलीत घालताना, ती मला एकच विचारते, "तिला लिवलाव काय?" मी नाही म्हणतो. ती माझ्यापुढं ताट ठेवते आणि आत जाते.

आज एकादशी आहे. सकाळी तिनं विचारायच्या आधीच मी कागद घेऊन बसलो आणि हे सगळं लिहून काढलं, एकही गोष्ट लपवली नाही. आत्ता ती दारात येऊन उभी राहिली, लिहिलेले एवढे कागद बघितले आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल झाला. "लिवलाव म्हंजे," ती म्हणाली. मी हो म्हटलं. तिला वाचता येत नाही, त्यामुळे हे सगळं मी मराठीत लिहिलंय हे तिला कळलं नाही.